साठ मेंढ्या, साठ सुया

मंगळवारी सकाळी सहा ते सात या वेळात प्रोफेसरांनी साठ सुया टोचल्या. एकही सुई वाकली नाही, एकाही मेंढीने लाथ मारली नाही आणि बाटल्यांत थेंबही उरला नाही. बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला साठाशी साठ जुळले की जो आनंद होतो, तो इतरांना समजावून सांगता येत नाही. प्रोफेसरांनी सांगितलाही नाही. हात धुऊन ते थेट घरात गेले आणि तक्त्यात लिहिलं, 'मेंढ्या ६०, डोस ६०, शिल्लक ०.' खाली दुहेरी रेघ मारली.

प्रोफेसर हे नाव त्यांना सासुरवाडीने दिलं होतं. कॉलेजातला त्यांचा विभाग विद्यार्थ्यांअभावी बंद पडला. शेवटच्या वर्षी वर्गात दोन विद्यार्थी होते आणि शिकवायला चार जण, म्हणजे शिक्षणतज्ज्ञ स्वप्नात बघतात त्याहून बरं प्रमाण. मग ते बायकोच्या माहेरी, मेंढ्यांच्या दूधधंद्यात राहायला आले. घरजावई हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही. गरजच नव्हती. गोठ्यात एक मेंढा होता, पोटाखाली जाड कापडाचा एप्रन बांधलेला. कुठली मेंढी माजावर आली आहे ते हुंगून ओळखणं हे त्याचं काम; त्यापुढे काही करू गेला की एप्रन आड यायचा. उत्तम खायचं, सगळीकडे हिंडायचं, मत द्यायचं, आणि प्रत्यक्षात काही करायचं नाही. म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव फार पूर्वीच जावईबापू ठेवलेलं. खरे जावई राहायला आल्यावर बायकोने नाव बदलायचा मनापासून प्रयत्न केला, पण मेंढा दुसऱ्या कशाला ओ देईना.

कृत्रिम रेतन मात्र प्रोफेसरांना पहिल्या दिवसापासून आवडलं. त्यात शेणमूत कमी आणि वेळापत्रक जास्त होतं. मेंढीच्या आत हार्मोनचा स्पंज चौदा दिवस ठेवायचा. तेवढे दिवस तिच्या शरीराची समजूत होते की आपण गाभण आहोत. मग दोरी ओढून स्पंज काढायचा आणि लगोलग दुसऱ्या हार्मोनची सुई द्यायची. हे दुसरं हार्मोन गाभण घोडीच्या रक्तातून काढतात. सुई मिळाली की कळपच्या कळप एकाच वेळी माजावर येतो आणि स्पंज काढल्यापासून पंचावन्न तासांनी रेतन करायचं. मेंढीला काही विचारायचं नाही, घड्याळाला विचारायचं.

सुई द्यायची ती दूध काढायच्या ओट्यावर. ओट्यावर बारा मेंढ्या ओळीने उभ्या राहत, पुढ्यातल्या खुराकात तोंड घालत, मान कडीत अडकत असे आणि मागून सासूबाई मशीनचे कप लावत. बायको बाहेर अंगणात स्पंज काढून एकेकीला ओट्यापुढच्या गर्दीत सोडणार, प्रोफेसर ओट्यावर सुई देणार, अशी वाटणी झाली होती. कळपात दूध देणाऱ्या चौसष्ट होत्या. पैकी चार म्हाताऱ्या. त्यांना यंदा गाभण ठेवायचं नव्हतं. "त्या चौघींना मी सगळ्यात शेवटी सोडते, त्यांना सुई नको," बायकोने बजावलं होतं. पाच ओळी, बारा पंचे साठ. पाचवी ओळ संपली, बाटली संपली आणि प्रोफेसर ओट्यावरून उतरले. सहाव्या ओळीला ते थांबले नाहीत. तिथे त्यांचं काय काम?

गुरुवारी सकाळी ते थांबले.

थांबायचं कारण इतकंच की घरात बसवत नव्हतं. दुपारी एक वाजता पंचावन्न तास भरणार होते. रेतन केंद्रावरचा माणूस निघायची तयारी करत असेल. आणि बायको पहाटेपासून एक शब्द बोलली नव्हती. तिला काळजी लागली की ती गप्प होऊन वस्तू घासायला घेई. आत्तापर्यंत दोन बादल्या, एक पिंप आणि प्रोफेसरांच्या चपला झाल्या होत्या.

काळजी साठ मेंढ्यांची नव्हती, एकीची होती. बिल्ला क्रमांक दोनशे सात. घरात तिला बाईसाहेब म्हणत. तिसरं वेत, कळपात सगळ्यांत जास्त दूध, कास अशी की सासूबाई पाहुण्यांना दाखवायला नेत. बायकोने आठ वर्षं वह्या भरून, निवडून, नको त्या काढून टाकून जे काही कमावलं होतं, ते या एका मेंढीत उभं होतं. केंद्रावर एक नावाजलेला नर होता, आता म्हातारा झालेला, धाप लागणारा. शनिवारी त्याला कामातून काढणार होते. त्याच्या शेवटच्या खेपेच्या वीर्याची एक कांडी, एकच, केंद्राने बाईसाहेबांसाठी मंजूर केली होती. यातून नर कोकरू झालं तर ते केंद्रावर जाणार आणि त्याच्या लेकी शेकडो कळपांत पोचणार. कांडी वाया गेली तर दुसरी नाही. गोठवून ठेवलेलं मेंढ्यांत नीट चालत नाही. ताजं, थंड केलेलं, दहा तासांच्या आत वापरायचं.

तर प्रोफेसर ओट्याच्या कडेला उभे होते. पहिली ओळ सुटली. मेंढ्या फाटकातून बाहेर पडल्या. त्यांतली एक, जिला सासूबाई भवानी म्हणत, बाहेर पडता पडता डावीकडे वळली. फाटकाच्या तारेचा फासा सैल होता. तिथून मुंडकं घालून ती पुन्हा अंगणातल्या गर्दीत शिरली. मागोमाग तिच्या दोन चेल्या. दुसऱ्या ओळीत तिघी पुन्हा ओट्यावर हजर, खुराकात तोंड घालून.

प्रोफेसर हसले. "आई, ही आत्ताच जाऊन आली ना?"

"रोजचंच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी भवानीच्या रिकाम्या कासेवर एक चापट मारली, कप न लावता पुढच्या मेंढीकडे सरकल्या. "एकदा खाऊन पोट भरत नाही मेलीचं. दोनदा जेवते आणि दूध तेवढंच देते. काही माणसंही असतात अशी."

प्रोफेसरांनी हे स्वतःला लावून घेतलं नाही. तशी सवय झाली होती. ते पुढच्या ओळी बघत राहिले. पाचवी ओळ सुटली. सहावी आली. त्यांनी सवयीने मोजल्या. चार असायला हव्या होत्या. सात होत्या.

चार म्हाताऱ्या, आणि तीन म्हाताऱ्या नसलेल्या. शेवटी, सगळ्यांची घाई संपल्यावर, कुणालाही धक्का न लावता, पायरी चढून सातवी आत आली ती बाईसाहेब.

"ह्या तीन इथे कशा?"

"कशा म्हणजे? त्या तिघी भामट्या दोन-दोनदा घुसतात, मग ह्या तिघी मागे राहतात. गरीब आहेत बिचाऱ्या, ढकलाढकली जमत नाही." सासूबाईंनी बाईसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. "ही तर कायम शेवटची. हिला घाई म्हणून माहीत नाही."

"मंगळवारीपण अशाच आल्या?"

"मंगळवार काय नि बुधवार काय. सकाळी असंच असतं."

मशीन चालू होतं, म्हणून प्रोफेसरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुणाला ऐकू गेला नाही.

त्यांनी सुया ओळीने दिल्या होत्या, डोकी मोजून. बिल्ले बघितले नव्हते. बिल्ला बघायला कान धरावा लागतो, कान धरला की मेंढी झटका देते, आणि बारा गुणिले पाच हे कुणाचे कान न धरताही साठच होतं. म्हणजे भवानी आणि तिच्या चेल्यांना दुप्पट डोस. आणि शेवटच्या तिघींना, ज्यांच्यात बाईसाहेब, शून्य. तक्ता मात्र बरोबर. वर्गात ते मुलांना सांगत की बेरीज जुळली म्हणजे हिशोब खरा असतो असं नाही. मुलं लिहून घेत. त्यांनी स्वतः कधी लिहून घेतलं नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं.

ते घरात गेले आणि औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक उघडलं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात सगळं होतं, अगदी औषध चुकून माणसाला टोचलं तर काय करावं हेही. ते मेंढीला टोचायचंच राहून गेलं तर काय, हे नव्हतं. त्यांनी वहीत आडाखे मांडले. सुईशिवाय मेंढी माजावर येतच नाही असं नाही. नुसता स्पंज काढल्यानेही येते, पण तिच्या सवडीने. पाच तास उशिरा, दहा तास उशिरा, एखादी येतही नाही. एक वाजता बाईसाहेबांना कांडी दिली तर ती फार लवकर पडणार. म्हणजे म्हाताऱ्याची शेवटची कांडी त्या सैल फाशातून बाहेर गेल्यासारखीच.

सांगायला हवं होतं, यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की कसं. आठ वाजता ते अंगणात गेले. बायको तिसरी बादली घासत होती.

"ऐक ना."

"काय?"

"काही नाही. पाणी तापवू का?"

"कशाला?"

ते परत आले. साडेनऊला पुन्हा गेले आणि हवा चांगली आहे असं म्हणाले. अकराला ते "मंगळवारी" या शब्दापर्यंत पोचले, पण तेवढ्यात तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ती एकदम म्हणाली, "तू सुया नीट दिल्यास ना, तेच एक बरं झालं. माझे हात थरथरले असते." या वाक्यानंतर पुढचं वाक्य कुठल्याही व्याकरणात बसेना.

पावणेएकला केंद्राची गाडी आली. उतरला तो माणूस सुकलेला, नीटनेटका, मनगटावर दोन घड्याळं. एक बंद पडलं तर. सगळे कळपवाले त्याला पंचावन्न म्हणत, तोंडावरही. त्याने थंड डबा ओट्यावर ठेवला, झाकण उघडून आतल्या तापमापकाकडे बघितलं. पंधरा अंश. पिवळ्या कांड्यांची जुडी आणि बाजूला, वेगळ्या नळीत, एक निळी.

"ही म्हाताऱ्याची," तो बायकोला म्हणाला. "सकाळी आठला घेतली. दोनदा धाप लागली त्याला, पण दिली. ताई, तयार? मावशी, मेंढ्या धरायला तुम्हीच लागाल. सर, तुम्ही आधी इथे सही करा."

त्याने फॉर्म पुढे केला. वर छापील मजकूर होता: 'मी खाली सही करणार प्रमाणित करतो की, या तुकडीतील प्रत्येक मेंढीस स्पंज काढतेवेळी ठरलेला डोस एकदा व एकदाच देण्यात आला आहे.'

प्रोफेसरांनी पेन उघडलं. मग बंद केलं. सहा तास गप्प बसणं त्यांना जमलं होतं. कदाचित आणखी सहा वर्षंही जमलं असतं. पण 'एकदा व एकदाच' याच्याखाली सही करणं हाताला जमेना. नैतिकतेपेक्षाही ती संख्येची बाब होती.

"मला सही करता येणार नाही," ते म्हणाले.

"चष्मा आणू का, सर?"

"तिघींना दोनदा दिलंय. तिघींना दिलंच नाही." आणि मग एका दमात त्यांनी भवानी, फासा, सहावी ओळ आणि सात मेंढ्या सांगून टाकल्या. इतक्या घाईने, की सासूबाईंनी मधेच "सावकाश, सावकाश" म्हटलं, जशा त्या फाटकात तुंबलेल्या मेंढ्यांना म्हणत.

बायकोने एवढंच विचारलं, "कुठल्या तीन?"

"दोनशे बारा. दोनशे एकतीस."

"आणि?"

प्रोफेसरांनी बाईसाहेबांकडे बघितलं. ती कोपऱ्यात उभी राहून रवंथ करत होती.

परक्यांसमोर बायको त्यांना 'अहो' म्हणत असे. एकोणीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. "तुला कधी कळलं?" ती म्हणाली. पंचावन्नने डब्याच्या झाकणाकडे नजर वळवली.

"सकाळी."

"सकाळी किती वाजता?"

"पावणेसातला."

"सहा तास," ती म्हणाली. "हवा चांगली आहे म्हणालास."

सासूबाई मेंढीच्या गळ्याला धरून उभ्या होत्या. "मला एका शब्दाने विचारलं असतं मंगळवारी, तर सांगितलं असतं ना मी," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत तुम्ही डोकी मोजताय? मी कासा मोजते."

पंचावन्नने घसा साफ केला. एक वाजायला दोन मिनिटं होती आणि घड्याळ घरगुती भांडणासाठी थांबत नाही हे त्याला अनुभवाने माहीत होतं. "ताई, बाकीच्या चोपन्नांचं काम सुरू करतो. दुप्पट डोसवाल्या तीन बाजूला काढा, त्यांना आज अजिबात नाही. चार-पाच कोकरं धरून बसली तर शेवटच्या महिन्यात मेंढीच जाईल. आणि ह्या तीन..." त्याने खांदे उडवले. "मेंढा आणा. बघू."

जावईबापूला आणलं. आयुष्यात प्रथमच सगळं घर श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतं, आणि ते त्याला मानवलेलं दिसलं. तो दोनशे बाराजवळ गेला. ती पुढे सरकली. दोनशे एकतीसने वळून त्याला टक्कर दिली. बाईसाहेबांना त्याने हुंगलं, वरचा ओठ मुडपला, पायाने हलकेच टोकरलं. बाईसाहेब चार पावलं चालत गेल्या आणि पुन्हा रवंथ करू लागल्या.

"नाही," पंचावन्न म्हणाला.

चोपन्न मेंढ्यांना पावणेदोन तास लागले. सासूबाई मागचा भाग आडव्या दांडीवर उचलून धरायच्या, पंचावन्न नळीत दिवा लावून बघायचा, कांडी सोडायचा, बिल्ला मोठ्याने वाचायचा. लिहून घ्यायचं काम प्रोफेसरांकडेच राहिलं. कुणी काढून घेतलं नाही, आणि ते त्यांना काढून घेण्यापेक्षा जड गेलं. बायको त्यांच्याकडे न बघता पुढची मेंढी आणून सोडत होती. पावणेतीनला डब्यात दोन पिवळ्या, तीन जादाच्या पिवळ्या आणि एक निळी कांडी उरली.

मेंढा पुन्हा फिरवला. नाही.

"नियमाने मला चारपर्यंत थांबता येतं," पंचावन्न म्हणाला. "अठ्ठावन्न तास. त्यानंतर डबा बंद करून केंद्रावर परत."

"पण कांडी सहापर्यंत चांगली असते ना?" बायकोने विचारलं.

"असते. पण ताई, स्पष्ट बोलतो. लागू न झालेलं रेतन माझ्या नावावर चढतं. वाया गेलेली कांडी केंद्राच्या नावावर. गेल्या वर्षी माझा आकडा आधीच खाली आलाय. साठाव्या तासाला, दहा तासांची शिळी कांडी मी घालू, आणि वर्षभर ऐकून घेऊ?"

"म्हणजे चार वाजता ती फेकणार."

"फेकणार नाही. 'अनुपयोगित' लिहिणार."

"मग फेकायचीच आहे तर सहापर्यंत माझ्या दारात राहू दे. तिथे फेकलीत काय, इथे फेकलीत काय." तिचा आवाज चढला नव्हता. तिने चौथी बादली उचलली, ती स्वच्छ आहे हे बघितलं आणि खाली ठेवली. "आठ वर्षं झाली, पंचावन्न. दोन तास मागतेय."

त्याने आधी एक घड्याळ बघितलं, मग दुसरं. दोन्हींत तेच होतं. "चहा तरी करा," तो म्हणाला.

चार वाजून पाच मिनिटांनी दोनशे बारा जावईबापूसमोर उभी राहिली, शेपूट हलवत, हलली नाही. पिवळी कांडी गेली. पावणेपाचला दोनशे एकतीस, दुपारी टक्कर देणारी, स्वतःहून त्याच्या अंगाला अंग घासू लागली. दुसरी पिवळी. बाईसाहेब चालत राहिल्या.

पाच वाजता संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली. मशीन लावलं तर आवाजाने कोपऱ्यातली गडबडेल म्हणून सासूबाईंनी लावलं नाही. दहा मिनिटांत गोठ्यात कुजबुज, पंधरा मिनिटांत ओरडा. साठ जणी कासा तटतटून एका सुरात हाका मारत होत्या आणि भवानी फाटकाला डोकं आपटत होती. एका दिवसात एवढं दूध अडवून ठेवलेलं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंची बोटं पदराशी चाळा करत होती, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

पाच वीस. मेंढा थकला होता. तो खाली बसला. बायकोने त्याला उठवलं, तो पुन्हा बसला.

"पाणी द्या त्याला," प्रोफेसर म्हणाले. सकाळचं पाणी तापवण्याचं वाक्य सोडलं तर दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं व्यवहारी बोलणं. त्यांनी स्वतःच बादली आणली, मेंढ्यासमोर धरली. तो प्यायला. मग ते त्याच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते कुणाला कळलं नाही. दोघांच्या कामाचं स्वरूप बघता ते कुणाला कळायची आवश्यकताही नव्हती.

पाच तेहतीस. जावईबापू उठला, बाईसाहेबांच्या मागे गेला. त्यांनी दोन पावलं टाकली. थांबल्या. रवंथ थांबलं. मान मागे वळवून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, जणू तो तिथे आहे हे आत्ताच समजलं. शेपूट एकदा हललं. तो चिकटून उभा राहिला, एप्रनसकट. त्या हलल्या नाहीत.

सासूबाईंनी पुढे होऊन, अजिबात घाई न करता, बाईसाहेबांना उचलून दांडीवर घेतलं. "घाबरायचं नाही गं, माझी बाई ती." पंचावन्नने निळी कांडी काढली, रेतनाच्या गनमध्ये बसवली. नळी आत, दिवा. तो वाकून बघत राहिला. फार वेळ बघत राहिला. बाहेर साठ मेंढ्या बोंबलत होत्या.

"गर्भाशयाचं तोंड उघडं आहे," तो स्वतःशीच म्हणाला. बोट दाबलं. मोजून दहा आकडे थांबला. नळी बाहेर काढून उजेडात धरली. "थेंबही परत आला नाही."

बायको मटकन बादलीवर बसली.

फॉर्म उरला होता. रेतनाच्या वेळेच्या रकान्यात '५५ तास' हे आधीच छापलेलं होतं, भरणाऱ्यांचे कष्ट वाचावेत म्हणून. पंचावन्नने तिन्ही ओळींवर बोट ठेवलं. "सर, हे छापलेलं आहे तसंच राहू द्या. माझी हरकत नाही. अठ्ठावन्नच्या पुढचं दिसलं की वरचे लोक कोकरू घेताना फाटे फोडतात. बाप नक्की कोण म्हणून रक्ताच्या चाचण्या मागतील, खुलासे मागतील. कदाचित घेणारही नाहीत."

प्रोफेसरांनी बायकोकडे बघितलं. दुपारी एकपासून तिने त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. आता बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्यांना वाचता आलं नाही. राहू दे असंही असेल. त्यांना तिला विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर चुकीतला अर्धा वाटा तिच्या पदरात घातल्यासारखं झालं असतं.

त्यांनी पहिल्या ओळीतल्या '५५'वर रेघ मारून 'अठ्ठावन्न तास पाच मिनिटे' लिहिलं. दुसरीत 'अठ्ठावन्न तास पंचेचाळीस मिनिटे'. तिसरीत, दोनशे सातच्या पुढे, 'एकोणसाठ तास चाळीस मिनिटे'. शेऱ्याच्या रकान्यात सहा बिल्ले आणि त्याखाली, 'डोस देताना बिल्ले न वाचल्यामुळे. चूक माझी.' मग सही केली.

"घ्या," पंचावन्न म्हणाला आणि डबा बंद केला.

रात्रीच्या जेवणाला बायकोने ताट वाढलं, पण समोर बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फाटकाची तार बदलली, एकटीने. तिसऱ्या आठवड्यात केंद्राचं पत्र आलं. त्यात 'गंभीर' शब्द दोनदा आणि 'तथापि' एकदा होता. तथापिनंतर लिहिलं होतं की, दोनशे सातला नर कोकरू झाल्यास रक्ताच्या चाचणीनंतर त्याचा विचार करता येईल. बायकोने पत्र वाचून फ्रीजवर लावलं. प्रोफेसरांशी ती आता कामापुरतं बोलत होती. कामापुरतं म्हणजे दिवसाला साधारण अकरा वाक्यं. त्यांनी मोजली होती.

पंचेचाळिसाव्या दिवशी तपासणीसाठी डॉक्टरीणबाई आल्या, छोटा पडदा गळ्यात अडकवून. मेंढीच्या मांडीपाशी यंत्राचं टोक लावायचं, पडद्यावर बघायचं, सांगायचं. एकीला अर्धं मिनिट. "आहे. आहे, दोन. रिकामी. आहे. रिकामी." प्रोफेसर लिहीत होते. दोनशे बारा रिकामी निघाली. दोनशे एकतीसला जुळी.

मग बाईसाहेब. डॉक्टरीणबाईंनी टोक लावलं, सरकवलं. पुन्हा सरकवलं. पडद्यावर राखाडी धुकं. अर्धं मिनिट झालं. सासूबाईंनी मेंढीचं तोंड आपल्या पोटाशी धरलं होतं. एक मिनिट झालं.

"मूत्राशय भरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थांबा." त्यांनी टोक जरा वर घेतलं, दाबलं. "हं. हे बघा."

बायको वाकली.

"एकच आहे. ठोका दिसतोय ना? तो, लुकलुकणारा."

"नर आहे का?" सासूबाई.

"ते जन्मल्यावर त्यालाच विचारा, मावशी."

बायको बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग सरळ झाली, हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. प्रोफेसरांनी पेन कागदावर टेकवलं.

"बिल्ला?" त्यांनी विचारलं.

आकडा त्यांना पाठ होता. तिला ते माहीत होतं. तिने बाईसाहेबांचा कान हातात घेतला, बिल्ल्यावरची माती अंगठ्याने घासून काढली आणि एकेक आकडा सुटा करून वाचला. "दोन. शून्य. सात."

त्यांनी लिहिलं. "पुन्हा वाच."

"दोन," ती म्हणाली. "शून्य. सात." आणि कान सोडला नाही, प्रोफेसर स्वतः बघून खात्री करेपर्यंत.